कायद्याबाहेर ठेवलेले कामगार

28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख माणसं जमली. मार्टिन ल्यूथर किंग यांचं त्या दिवशीचं भाषण जगाच्या लक्षात राहिलं, पण तो मोर्चा रोजगारासाठीही होता हे विस्मरणात गेलं. तासाला 2 डॉलर किमान वेतन मिळावं, अशी मोर्चाची मागणी होती. त्याहून मोलाची मागणी अशी, की वेतनाच्या कायद्यातून ज्यांना वगळलंय त्यांनाही तो लागू करा.

तो कायदा 1938 चा. वर्णाचा त्यात उल्लेखही नव्हता. शेतमजूर आणि घरकामगार मात्र वगळलेले होते. हॉटेलं, लाँड्र्या, इस्पितळंही बाहेरच राहिली. दक्षिणेत कापूस वेचणारे, गोऱ्यांच्या घरी रांधणाऱ्या, त्यांच्या चादरी धुणाऱ्या बहुतेक कृष्णवर्णीयच. भेदभावाचा एक शब्दही न लिहिता लाखोंच्या पोटावर पाय दिला गेला. आपल्याला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार बरा मिळे, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून दलितांना तिथे घेत नसत. 1928 च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

अमेरिकेतला कायदा 1966 साली दुरुस्त झाला आणि हॉटेलं, शाळा, इस्पितळं, लाँड्र्या, मोठी शेतं त्यात आली. एलोरा डेरेनॉनकोर्ट आणि क्लेअर माँटियालू या अर्थशास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवून दिलं, की पुढच्या काही वर्षांत गोऱ्या-काळ्यांच्या कमाईतली तफावत जेवढी घटली, त्यातला पाचव्या हिश्श्याहून अधिक वाटा या दुरुस्तीचा होता. वेतन वाढलं की नोकऱ्या जातील, ही भीतीही खरी ठरली नाही. घरकामगारांना मात्र 1974 पर्यंत थांबावं लागलं.

वेतनातला हा अन्याय मिटवायचे प्रयत्न आजही चालू आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2018 पासून नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारता येत नाही. हे चांगलंच झालं, कारण एकदा कमी पगारावर लागलेल्या माणसाला तो कमीपणा पुढच्या प्रत्येक नोकरीत भोवतो. पण ज्यांना मुलाखतीत पगारावर बोलायची सोयच नसते, त्यांचं काय? अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर अडकलंय. टिपवर जगणाऱ्या वेटरला मालकाने द्यायची किमान रक्कम तर 1991 पासून 2.13 डॉलरच आहे. अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या राज्यांनी स्वतःचं किमान वेतन ठरवलेलंच नाही, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती तिथे मोठी आहे. किमान वेतनाचे हे आकडे वाढवणं, माझ्या मते, सगळ्यात आधी व्हायला हवं.