तुटण्यासाठीच लावलेला दुवा

आज आपण बिनइंजिनाच्या विमानाबद्दल बोलणार आहोत. त्याला ग्लायडर म्हणतात. ‘आमचा त्याच्याशी काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. पण थोडं ऐका, बोलणं शेवटी आपल्या कुकरपाशीच येणार आहे.

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे ग्लायडर विंचने वर चढवतात. विंच म्हणजे इंजिनावर फिरणारा मोठा ड्रम. आपल्या राहुरीकडे विहिरीचा गाळ काढायला क्रेन लावतात, ती सगळ्यांनी पाहिली आहे. दोर ड्रमवर गुंडाळला जातो आणि गाळाची बादली वर येते. विंचचं काम तसंच, फक्त दोर मैदानावर आडवा पसरलेला. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मध्ये साधारण १ किलोमीटर दोर.

आधी विंच हळू फिरवून दोराचा ढिलेपणा काढतात. मग जोर देतात. काही सेकंदांत ग्लायडर जमीन सोडतं. वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो आणि मिनिटभरात ते ३०० ते ४०० मीटर उंच पोचतं. तिथे पायलट दोर सोडून देतो. पुढे, उन्हात तापलेली हवा जिथे वर चढते तिथे ग्लायडर घारीसारखं घिरट्या घालतं.

दोर तर पुढे ओढतो, मग विमान वर कसं जातं? संक्रांतीचा पतंग आठवा. मांजा आपल्याकडे ओढला की पतंग वर चढतो. तेच इथे होतं.

पण उंची वाढेल तसा दोर ग्लायडरला खालीही ओढू लागतो. दोन माणसांसह ग्लायडरचं वजन ५-६ क्विंटल. पंखांना ते वजन पेलायचं आणि वर दोराची ओढही पेलायची. अशा वेळी वाऱ्याचा झोत आला, किंवा विंचवाल्याने जास्त जोर दिला, तर पंखांवर भार एकदम वाढतो. आकाशात पंख मोडला तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये धातूचा एक छोटा दुवा मुद्दाम कच्चा ठेवतात. किती ओढीला तो तुटेल, हे ठरलेलं असतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत काळा दुवा साधारण १० क्विंटल ओढीला तुटतो, पांढरा ५ क्विंटलला. कोणत्या ग्लायडरला कोणता दुवा, हेही ठरलेलं. ओढ जास्त झाली की दुवा तुटतो आणि पंख वाचतात.

दुवा तुटला की पायलट लगेच ग्लायडरचं नाक खाली करतो, कारण वेग गेला तर पंख भार पेलत नाहीत. वेग सांभाळला की ग्लायडर नीट उतरवता येतं. याचा सराव शिकतानाच करून घेतात.

आता कुणी म्हणेल, दुवा तुटतोय तर जाडच लावू! पण मग ताण पुढे सरकतो, आणि जे तुटायला नको तेच तुटतं.

मैत्रिणींनो, असे कच्चे दुवे आपल्या घरातही आहेत. कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू असतो. शिट्टीची वाट बुजली किंवा कुकरमधलं पाणी आटलं, तर तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो गेला म्हणजे कुकर बिघडला असं नाही, त्याने तुम्हाला वाचवलं. पण ते भोक डाग देऊन किंवा काहीबाही कोंबून बुजवलं, तर पुढच्या वेळी झाकणच उडेल. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवा. शिट्टीची नळी रोज उजेडाकडे धरून पाहा.

मोटरच्या पेटीतला फ्यूजही तसाच. तो सारखा उडतो म्हणून जाड तार गुंडाळली, तर फ्यूज टिकेल आणि मोटर जळेल. कधी वायरिंगही पेटेल. फ्यूज का उडतो, ते वायरमनला विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा: तुझ्या कुकरचा व्हॉल्व्ह कंपनीचा आहे का? तुमच्या पेटीत तार कोणती आहे? ज्या घरी उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तिथे दोघीजणी जाऊन बघून या.