डोक्यावरचा रूळ

श्रोते हो, आजचा विषय कत्तलखान्यातील एका यंत्राचा आहे. तो काहींना रुचणार नाही, हे मी जाणतो. मांस खावे की न खावे, हा वाद आज आपल्याला घालायचा नाही. पण या यंत्रापासून जगातल्या कारखानदारीने एक मोठा धडा घेतला. म्हणून शेतकऱ्याने आणि शिक्षकाने ते समजून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

यंत्र म्हणाल तर अगदी साधे. छताखालून एक लोखंडी रूळ जातो. रुळावर चाके आणि चाकांना आकडे. जनावर मागच्या पायाने आकड्याला टांगतात. रुळाला थोडा उतार असला, की ते स्वतःच्या भाराने पुढे सरकते. उतार नसेल तिथे फिरती साखळी त्याला नेते. दोन-अडीचशे किलोचे ओझे असे बिनबोभाट हलते. धड जमिनीला टेकत नाही, म्हणून शेणमातीची घाण त्याला लागत नाही. डोके आणि आतडी त्याच गतीने बरोबर नेली, तर कोणता अवयव कोणत्या जनावराचा हे पशुवैद्याला कळते आणि रोगट मांस बाजूला काढता येते.

अमेरिकेत शिकागो येथे १८६५ साली 'युनियन स्टॉक यार्ड्स' हा गुरांचा प्रचंड बाजार सुरू झाला. तो १९७१ पर्यंत चालला. तिथल्या मांसाच्या कारखान्यांत ही रीत चांगलीच मुरली. प्रत्येक माणूस आपल्या जागी उभा. एकाने फक्त कातडे सोडवायचे, दुसऱ्याने फक्त पोट फाडायचे. माणूस कामाकडे जात नाही, काम माणसाकडे येते.

मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने १९२२ च्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की सरकत्या जोडणीची कल्पना आपल्याला शिकागोच्या याच रुळावरून सुचली. तिथे सांगाडा सुटा होत होता, इथे तो जोडला जाऊ लागला. गाडीच्या सांगाड्याच्या जोडणीला आधी सुमारे साडेबारा तास लागत, ते १९१४ मध्ये दीड तासावर आले.

आता आपल्या विहिरीवरचे रहाटगाडगे आठवा. तिथेही माळ फिरते आणि गाडगी एकामागून एक वर येतात. पण बैल दमला, की माळ मंदावते. कारखान्यात उलटे आहे. साखळी दमत नाही. तिच्या पायी माणसाला धावावे लागते. तोच एक घाव दिवसभर घालून मनगटे नि खांदे कामातून जातात. अप्टन सिंक्लेअर याने १९०६ साली 'द जंगल' या कादंबरीत या कामगारांचे हाल मांडले. लोकांनी मात्र त्यातली मांसाची घाण तेवढी पाहिली. त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला; कामगाराचे दुःख मागेच राहिले.

आणि मुक्या जनावराचे काय? शुद्धीवर असलेले जनावर एका पायाने उचलले, तर त्याच्या यातनांना पार राहत नाही. अमेरिकेत १९५८ साली कायदा झाला, की टांगण्यापूर्वी जनावर बेशुद्ध केले पाहिजे. धार्मिक विधीने होणारी कत्तल त्यातून वगळली. सुरुवातीला हा कायदा सरकारला मांस विकणाऱ्या कारखान्यांपुरता होता. १९७८ साली त्याची कक्षा वाढली.

तेव्हा गुरुजनहो, मुलांना यंत्राचा पाठ शिकवताना त्याने किती वेळ वाचवला, हे जरूर सांगा. पण त्याची गती कोण ठरवतो आणि ती कोणाला सोसावी लागते, हेही त्यांना विचारायला शिकवा. साखर कारखाना असो की दूध डेअरी, हा प्रश्न आपल्या गावातही विचारण्यासारखा आहे.