आल्प्समधले निवारे: गैरसोयीच्या बाजूने

सह्याद्रीत भटकणारी मराठी मंडळी आता युरोपातल्या आल्प्स पर्वतातही जाऊ लागली आहेत. जाण्याआधी बूट कुठले घ्यावेत, पाऊस लागेल का, व्हिसाला किती दिवस लागतील, या सगळ्याची भरपूर चर्चा होते. रात्री जिथे राहायचं, त्या डोंगरावरच्या निवाऱ्यांबद्दल मात्र फार तर एवढंच कानावर येतं, की तिथे आंघोळ नाही, आणि अनोळखी माणसांच्या रांगेत एकाच खोलीत झोपावं लागतं. ही तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या निवाऱ्यांतला जवळजवळ प्रत्येक जाचक वाटणारा नियम उंचीनेच घालून दिलेला आहे. माणसांच्या सोयीसाठी हे नियम सैल केले, तर तिथे निवारा उरणार नाही, उंचावरचं एक महागडं हॉटेल तेवढं उरेल.

इतिहास थोडक्यात सांगतो. खिंड ओलांडणाऱ्या वाटसरूंना आसरा द्यायची आल्प्समधली रीत जुनी आहे. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतला ख्रिस्ती साधूंचा मठ अकराव्या शतकापासून हे काम करतो आहे. पण शिखरांकडे जाणाऱ्यांसाठी निवारे बांधायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकात. 1863 साली ओल्टन गावी स्विस अल्पाइन क्लब स्थापन झाला आणि त्याच वर्षी ट्योडी पर्वतावर त्याने आपला पहिला निवारा उभा केला. आज या एका संस्थेचे दीडशेच्या वर निवारे आहेत. ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली आणि फ्रान्समधल्या क्लबांचे आणखी कितीतरी. इटलीच्या क्लबाचा मार्गेरिता निवारा तर 4554 मीटर उंचीवर, थेट शिखराच्या माथ्यावर आहे. 1893 साली खुद्द मार्गेरिता राणी तिथे चढून गेली होती, आणि विरळ हवेत माणसाच्या श्वासाचं काय होतं याचा अभ्यास अँजेलो मोसो या शास्त्रज्ञाने तिथेच केला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की यातले बहुतेक निवारे सदस्यांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून उभे राहिले. त्यांच्यामागे धंदेवाईक मालक नाही. आपल्याकडच्या घाटातल्या धर्मशाळेशी त्यांचं नातं हॉटेलपेक्षा जवळचं आहे.

आता नियमांकडे या. आधी पाणी. आपली समजूत अशी, की जिथे चहूकडे बर्फ तिथे पाण्याला काय तोटा. प्रत्यक्षात उंचावरच्या निवाऱ्याला पाणी मिळतं ते बर्फ वितळेल तेव्हा आणि तेवढंच. रात्री सगळं गोठतं आणि नळ बंद पडतो. म्हणून कित्येक ठिकाणी शॉवर नाही, शौचालय कोरडं, आणि नळाचं पाणी पिऊ नये अशी पाटी. चादरी रोज धुणं शक्य नाही, म्हणून अंगाभोवती घ्यायची पातळ झोपपिशवी प्रत्येकाने स्वतःची आणायची, ब्लँकेट निवाऱ्याचं. बूट दारातल्या खोलीत काढून ठेवायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या, कारण ओल्या चिखलाने भरलेली जमीन धुवायलाही पाणी हवं. रात्री दहाला दिवे बंद, कारण शिखरावर जाणारे पहाटे तीन-चारलाच उठतात. त्यांनाही हौस म्हणून उठायचं नसतं. हिमनदीतल्या भेगांवर बर्फाचे पूल असतात. ते रात्रीच्या थंडीने घट्ट असतात तोवर ओलांडावे लागतात, आणि ऊन चढल्यावर कड्यांवरून दगड सुटू लागतात. निवाऱ्यातल्या वहीत नाव आणि उद्याची वाट लिहायची, ती कुणी परतलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे कळावं म्हणून. पाणी, वर वाहून न्यायचं वजन आणि वेळ या तीन गोष्टींतून सगळी शिस्त आली आहे.

आणि जेवण! त्यावर जरा थांबायलाच हवं, कारण निवाऱ्याचं सगळं तत्त्व तिथे ताटात येतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सगळ्यांना एकाच वेळी वाढतात. कुणी कुठल्या टेबलाशी बसायचं ते कारभारी ठरवतो, किंवा कारभारीण. पुष्कळ ठिकाणी नवरा-बायको मिळून निवारा चालवतात. आधी मोठ्या भांड्यातून गरम सूप, मग सगळ्यांना एकच पदार्थ. स्वित्झर्लंडमध्ये तो कधी एल्प्लरमाग्रोनेन असतो: मॅकरोनी आणि बटाटा, साय आणि चीज यांत शिजवलेले, वर तळलेला कांदा आणि शेजारी सफरचंदाचा गोड लगदा. गुराख्यांचं जेवण हे. टिकणाऱ्या, पोट भरणाऱ्या आणि वर वाहून नेता येणाऱ्या वस्तूंचं. आपल्या शाकाहारी मंडळींनी आगाऊ कळवलं तर बहुतेक ठिकाणी सोय होते. एका भांड्यातून वाढून घेताना शेजारच्या माणसाला उद्याची वाट विचारली जाते, पुढच्या खिंडीत बर्फ किती आहे ते कळतं, आणि ही माहिती अनेकदा नकाशापेक्षा ताजी असते. वेगवेगळी टेबलं मांडून, पानभर पदार्थांची यादी हातात दिली तर हे बोलणं बंद पडेल.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा: पैसे मोजणाऱ्याने त्रास का सोसावा? आणि वयस्कांनी, लहान मुलं असलेल्यांनी, एकट्या बाईने काय करावं? प्रश्न रास्त आहे. बऱ्याच निवाऱ्यांत आता लहान खोल्याही आहेत, आणि त्या असाव्यात. भिंत घालायला वरून पाणी आणावं लागत नाही. शॉवरला लागतं. सोय मागताना हा फरक केला तर वाद उरत नाही. तंत्रज्ञानाने सगळं सुटेल असं म्हणणाऱ्यांनी मोंटे रोझाचा नवा निवारा पाहावा. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठाने आणि स्विस क्लबाने मिळून तो 2009 मध्ये 2883 मीटरवर उभारला: सौर ऊर्जा, वितळलेल्या पाण्याचा साठा, सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा. इमारत इतकी देखणी झाली, की ती पाहायलाच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले, आणि पाण्या-विजेची काळजीपूर्वक मांडलेली गणितं ताणली गेली. यंत्रणा उत्तम होती, तरी तिलाही मर्यादा होतीच.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. निवारे आहेत म्हणूनच गर्दी वर जाते. त्यापेक्षा तंबू बरा. यात तथ्य आहे. सामान वर नेणारी हेलिकॉप्टरं गोंगाट करतात, इंधन जाळतात. पण तेवढीच माणसं तळ्याकाठी तंबू ठोकून राहिली, तर शेकडो ठिकाणी चुली, घाण आणि तुडवलेलं गवत. निवारा हा सगळा भार एका जागी गोळा करतो, आणि प्रत्येकाला आपला कचरा खाली न्यायला लावतो. रतनगडाच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या गुहांत मुक्काम केलेल्यांना हे पटवून द्यायला नको. गैरसोय आपल्यालाही नवी नाही, टाक्याच्या पाण्यावर रात्र काढणारे आपण. पण त्या गुहांची आणि टाक्यांची रोजची जबाबदारी घेणारा कारभारी नाही, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांची जी दशा होते ती पाहवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एकाच भांड्यातून जेवणं वगैरे ठीक, पण सगळ्यांना दार खरंच उघडं होतं का? नव्हतं. 1924 साली जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबाने, ज्यू सदस्य मोठ्या संख्येने असलेली व्हिएन्नाची डोनाउलांड शाखा काढून टाकली. ज्यूंनी येऊ नये अशा पाट्या निवाऱ्यांवर लागल्या होत्या. या संघटनांनी पुढे स्वतःच हा इतिहास संशोधून प्रसिद्ध केला, हे चांगलं झालं. मी याचा अर्थ असा घेतो, की उंचीने घातलेला नियम आणि माणसाने घातलेली बंदी यांत गल्लत होता कामा नये. पाणी जपा हे डोंगर सांगतो. कुणाला बाहेर ठेवा असं डोंगराने कधी सांगितलेलं नाही. बऱ्याच निवाऱ्यांत कारभारी नसतानाही एक हिवाळी खोली उघडी ठेवतात, आत चूल, लाकडं आणि ब्लँकेटं असतात. राहणाऱ्याने आपल्या हाताने हिशेब करून पैसे पोचते करायचे. कुणी ओळख विचारायला तिथे नसतं.

आज या निवाऱ्यांवर संकट आहे ते हवामानाचं. आलेच हिमनदीच्या काठावरचा कॉन्कोर्डिया निवारा 1877 मध्ये बांधला तेव्हा बर्फ त्याच्या बराच जवळ होता. आता हिमनदी इतकी खाली गेली आहे, की कड्याला ठोकलेल्या जिन्याच्या चारशेहून जास्त पायऱ्या चढून वर जावं लागतं. मुटहॉर्न निवारा 2021 साली बंद करावा लागला, कारण शेजारचा गोठलेला खडक सैल होऊ लागला. असे निवारे नव्या जागी बांधायचे, तर खर्च मोठा, आणि तो भरून काढायला जास्त खाटा, जास्त सोयी, जास्त भाडं हा मोह क्लबांपुढे उभा राहतो. माझ्या मते त्यांनी लहानच बांधावेत. हिमनद्या आटतील तसं पाणी आणखी कमी होणार आहे, आणि मोठ्या निवाऱ्याला ते पुरणार नाही.

आपल्यापैकी जे जाणार आहेत त्यांनी जागा आधी राखावी, आणि हवामान बिघडून बेत फिरला तर त्याच दिवशी कळवावं. कारभारी डोकी मोजून रांधतो, हेलिकॉप्टरने आलेल्या शिध्यातून. न कळवता रिकामी राहिलेली खाट, खिंडीतून भिजत येणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असती.