विमानतळावरचा खोळंबा



लेकीच्या बाळंतपणासाठी मी लंडनला निघाले, तो दिवस १७ एप्रिल २०२४. दुबईला विमान बदलायचे होते. मुंबईच्या विमानतळावर कळले, दुबईत पूर आला आहे. विमान केव्हा सुटेल, सांगता येत नाही. वाळवंटात पूर! मला थट्टाच वाटली. पण आदल्या दिवशी त्या देशातील अल ऐन भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नाही. हिवरे बाजारात ज्याची आपण वाट पाहतो, त्यानेच माझी वाट अडवली.

तिकडे लेकीचे दिवस भरलेले. मी रडकुंडीला आले. इतक्यात शेजारची मुले भुकेने कुरकुरू लागली. माझ्या पिशवीत बाळंतिणीसाठी केलेले चाळीस डिंकाचे लाडू होते. हात आखडला, खोटे कशाला सांगू? मग आपली ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते, ते आठवले. मीही लाडू मोजले : वीस लेकीचे, वीस येथल्या माणसांचे. वाटता वाटता ओळखी झाल्या. एकीने लेकीला फोन लावून दिला, दुसरीने रात्री माझे सामान राखले. एकोणीस तास असे सरले.

मी पोहोचले, तोवर नात जन्मली होती. लेक म्हणाली, "आई, लाडू एवढेच?"

म्हटले, "बाकीच्यांवर तुझी आई तगली, बाई!"