तंजावरच्या राजवाड्यातली चित्रं

तंजावरला गेलात की मोठ्या देवळाइतकाच वेळ राजवाड्यासाठी ठेवा. इथल्या कलादालनात १९५१ पासून चोळकालीन कांस्यमूर्ती मांडलेल्या आहेत. इथेच तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले यांचा पांढरा संगमरवरी पुतळा उभा आहे, लंडनच्या शिल्पकार जॉन फ्लॅक्समननं घडवलेला.

पण मन रेंगाळतं ते शेजारच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत ते वाढवलं. तिथल्या छोट्या संग्रहालयात हत्तीघोड्यांच्या सचित्र पोथ्या आहेत. माणसाचा चेहरा आणि प्राण्याचं तोंड शेजारी ठेवून पाहणारी, फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रं याची चित्रंही आहेत. आणि राजांच्या धन्वंतरी महालात उपचार घेतलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी? त्यांत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढलेली आहेत! मला तर सोन्याचा वर्ख लावलेल्या प्रसिद्ध तंजावर चित्रांपेक्षा हे डोळे जास्त मोलाचे वाटतात.

कागदाला आणि रंगांना सततचा उजेड सोसत नाही. म्हणून जगभरची संग्रहालयं अशी चित्रं काही महिने मांडतात, मग अंधारात ठेवून त्यांच्या जागी दुसरी लावतात. तंजावरच्या ठेव्यातली अशी फिरती प्रदर्शनं तिथल्या हॉटेलांच्या दालनांत, निदान उत्तम प्रतिकृतींच्या रूपात, भरायला हवीत. मुंबई-पुण्यातही यावीत. त्यांबरोबर ग्रंथालयातले मोडी लिपीतले मराठी कागदही यावेत. आपल्याच भाषेतले आहेत ते.