खेळताना बंद पडणारा कॉम्प्युटर



‘गेम खेळून खेळून बिघडवलास ना कॉम्प्युटर!’ हे वाक्य माझ्या कानांवर इतक्यांदा पडतं, की आज सुरुवात त्याच्यापासूनच करतो. वडखळला मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. माझ्यासमोर बहुधा दोघं उभे असतात, वडील आणि मुलगा. मुलगा सांगत असतो, ‘दादा, बाकी सगळं नीट चालतं हो. गेम लावला की मध्येच फटकन बंद होतो. कधी दोन दिवस काहीच नाही, कधी लागोपाठ दोनदा.’ आणि वडील त्याला पुरतं बोलूही देत नाहीत.

मला आज त्या मुलाची बाजू मांडायची आहे. गेममुळे कॉम्प्युटर बिघडत नाही. आत आधीपासून दडलेला दोष गेममुळे बाहेर येतो. वडखळहून अलिबागला निघालेली एसटी पोयनाडपर्यंतच्या सपाट रस्त्यावर विनातक्रार धावते. इंजिनात खोट असेल तर ती कळते कार्ले खिंडीच्या चढावर, आणि गाडी भरलेली असली तर हमखास. म्हणून कोणी खिंडीला दोष देत नाही.

पत्र टाइप करताना, सिनेमा बघताना कॉम्प्युटर जेमतेम ७०-१०० वॅट वीज घेतो. तोच कॉम्प्युटर मोठा गेम सुरू झाला की ३०० वॅटच्या पुढे जातो, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही एकाच वेळी पूर्ण ताकदीने राबू लागतात. रॅम भरते, पंखे जोरात फिरतात, आतली हवा तापते. साखळीतली जी कडी कच्ची आहे ती अशा वेळी तुटते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९५०च्या सुमारास ‘व्हर्लविंड’ नावाचा संगणक होता, हजारो काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याचे अभियंते व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करून तो चालवून बघत, म्हणजे मरायला टेकलेला व्हॉल्व्ह काम चालू असताना दगा देण्याआधीच सापडे. तेव्हा मशीनवर ताण देऊन दोष शोधणं ही जुनी आणि शहाणी पद्धत आहे. तुमचा मुलगा नकळत तेच करतो आहे.

आता हा दोष असतो कुठे? मुंबई-पुण्यातल्या व्हिडिओंत सांगतात, ड्रायव्हर बदला, ग्राफिक कार्ड बदला. आमच्या खारेपाटात, या खाडीकाठच्या भागात, मी त्याच्याआधी भिंतीकडे बघतो. भिंतीतल्या प्लगकडे.

पहिला प्रश्न मी विचारतो तो वेळेचा. किती वाजता बंद पडतो? उत्तर बरेचदा संध्याकाळचं येतं. सात ते दहा. ही वेळ मुलांच्या खेळण्याची, तशीच सगळ्या गावाच्या दिव्या-पंख्यांची, टीव्हीची, पाण्याच्या मोटारींची. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार वाढतो आणि घरातलं व्होल्टेज खाली येतं. कॉम्प्युटरच्या मागे असतो एक छोटा यूपीएस, बहुतेक घरांत ६०० व्हीएचा. त्या ६००च्या आकड्यावर विसंबू नका. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ३६० वॅट. आणि गेम चालू असताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून त्या ३६०च्या जवळ पोचलेले असतात. व्होल्टेज फार पडलं की यूपीएस बॅटरीवर जातो. आतली बॅटरी १२ व्होल्टची, लहानशी, आणि आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत थकलेली. टाइप करताना ती शंभर वॅट सहज पेलते, म्हणून घरच्यांची खात्री असते की यूपीएस उत्तम आहे. गेममधला भार अंगावर आला की ती क्षणात कोसळते. पडदा काळा.

यूपीएस नसून घराचा इन्व्हर्टर असेल तरी गोष्ट वेगळी नाही. लाईट जाऊन इन्व्हर्टरचा पुरवठा सुरू होईपर्यंत काही मिलिसेकंदांची फट पडते. ती फट भरून काढतो कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातला, मोठा कपॅसिटर. पूर्ण भार असताना चांगला एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. भार पाव असेल तर तेवढाच साठा कितीतरी जास्त वेळ पुरतो. एकच झटका, एकच क्षण, शेजारच्या खोलीत बहीण प्रोजेक्ट टाइप करते आहे तिचा कॉम्प्युटर चालू राहतो आणि गेम खेळणाऱ्याचा बंद. यात भूत-बाधा काही नाही, साधा हिशेब आहे. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असतं. ते चालू केलं की बदल लवकर होतो. कित्येक घरांत ते बटण कोणी पाहिलेलंच नसतं.

एसएमपीएसबद्दल एक कळकळीची विनंती. साठ-सत्तर हजारांचा कॉम्प्युटर असेंबल करताना लोक ग्राफिक कार्डावर सगळे पैसे घालतात आणि कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्त एसएमपीएस तसाच ठेवतात. आजची मोठी ग्राफिक कार्डं वीज सरळ रेषेत घेत नाहीत. सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरती ती नेहमीपेक्षा खूप जास्त ओढतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात तर मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, असं लिहावं लागलं. हलका एसएमपीएस असा झटका आला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. दोष मात्र गेमच्या माथी जातो.

अर्थिंगचं तर विचारू नका. भिंतीत तीन भोकांचा प्लग असतो आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर मंद पेटतो, आणि लोक म्हणतात ‘थोडा करंट येतो, चालायचंच’. नाही चालायचं. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांनी गाळलेला कचरा जमिनीत जायला हवा. जमीनच मिळाली नाही की पत्र्याच्या पेटीवर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हेडफोनची पिन खुपसली, पेन ड्राइव्हला हात लागला, की मशीन हँग व्हायला तो पुरतो. हे काम स्वतः करू नका. वायरमनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असलं तर ठीक. यात कॉम्प्युटरपेक्षा घरातल्या माणसांचा जीव मोठा आहे, म्हणून इतकं सांगतो.

दुसरी गोष्ट हवेची. आपल्या एका बाजूला धरमतरची खाडी, अंबा नदीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला महामार्गाची धूळ. हमरापूर, जोहे या बाजूला तर घराघरांत गणपतींचे कारखाने, तिथे प्लास्टरची बारीक भुकटी. ही सगळी पंख्यावाटे कॅबिनेटमध्ये जाते. एप्रिल-मेमध्ये ती नुसती कोरडी धूळ असते. पण मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळू लागतं. जून लागला की स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. मदरबोर्डवर बसलेल्या खारट धुळीचंही तसंच होतं. मेमध्ये निरुपद्रवी असलेला थर जुलैमध्ये वीज वाहू लागतो. रॅमच्या खाचेत, ग्राफिक कार्डाच्या दातांवर हिरवट डाग दिसतात. म्हणून मशीन मृगाच्या आधी साफ करावं, पावसाळा संपल्यावर नव्हे. ते अंगणात नेऊन ब्लोअर मारावा, पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण जोराने फिरणारा पंखा स्वतःच वीज तयार करतो. रॅमचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. आम्ही मंडळी खोडरबर घासतो, पण सोन्याचा तो मुलामा फार पातळ असतो, सारखं घासाल तर निघून जाईल. आणि मशीन खाडीकडच्या खिडकीखाली ठेवू नका. पावसाळ्यात ते महिनोन्महिने बंदही ठेवू नका. रोज थोडं चाललं तर आतल्या उष्णतेने कोरडं राहतं.

उष्णतेवर लोक फार लवकर बोट ठेवतात. पण प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळू लागतो, चित्र तुटक होतं. बंद पडणं ही त्यानंतरची पायरी. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांपर्यंत आणि रायझनचे नवे ९५ अंशांपर्यंत चालायलाच बनवलेले आहेत. तेव्हा काहीही न अडखळता एकदम बंद पडलेल्या मशीनची थर्मल पेस्ट बदलण्याआधी वीज तपासा.

आता पडद्याकडे बघा. कॉम्प्युटर कसा बंद पडला हे नीट पाहणाऱ्याने निम्मं काम केलेलं असतं. दिवा मालवावा तसा गेला, पडद्यावर एक अक्षर नाही, तर संशय विजेवर. पडदा काळा झाला पण मित्रांचा आवाज हेडफोनमध्ये येतोच आहे, तर ग्राफिक कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा केबल. विंडोज ग्राफिक कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघते, उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करते. जमलं नाही की काळोख. निळी स्क्रीन आली, जी अगदी नव्या विंडोजमध्ये आता काळी झाली आहे, तर त्यावरचा मजकूर मोबाइलने टिपून घ्या. त्यामागे बहुधा रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसर असतो.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते आणि मुलं घाबरून जातात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला माहीतच आहे. महत्त्वाची असते ती तिच्या आसपासची नोंद. तिथे ‘व्हिया-लॉगर’ लिहिलेलं असेल तर प्रोसेसर किंवा मदरबोर्ड स्वतःच ओरडतो आहे. निळ्या स्क्रीनच्या वेळी विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’मध्ये एक फाइल पडते, तीही जपा.

आणि म्हणून सांगतो, सगळ्यात आधी फॉरमॅट मारू नका. आमच्या धंद्यात ही सवय फार वाईट. मशीन आलं की फॉरमॅट. त्यात गिऱ्हाइकाचे फोटो जातात ते जातातच, पण या सगळ्या नोंदी, सगळा पुरावा पुसला जातो. दोन दिवस मशीन बरं वाटतं, कारण गेमच अजून इन्स्टॉल व्हायचा असतो!

रॅमचं एक वेगळं आहे. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘एक्सएमपी’ लावल्याशिवाय ती २१३३ किंवा २४००वरच धावते. एक्सएमपी लावणं म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. बहुतेक रॅम पळतात, काही नाही पळत. गेम बंद पडत असेल तर ते चार दिवस काढून ठेवा, एवढी साधी आणि फुकटची तपासणी दुसरी नाही. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट घालून रात्रभर चालवा. सकाळी एकही चूक दिसली तरी ती रॅम नापास. ‘एकच आहे’ म्हणून सोडू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, रॅम, एसएमपीएस एकाच दिवशी बदलले आणि मशीन सुरळीत झालं, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि दोन वस्तूंचे पैसे वाया गेलेले असतील. यूपीएसचा संशय असेल तर निरभ्र दिवशी, वीज-पाऊस नसताना, एक संध्याकाळ तो मधून काढून खेळून बघा. तारीख, वेळ, गेम, त्या वेळी लाईट फडफडली का, पाऊस होता का, हे वहीत लिहा. मुलांना हे काम द्या. गंमत वाटेल, पण फार मन लावून करतात.

कधीकधी दोष खरोखरच कारखान्यातून आलेला असतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं उदाहरण ताजं आहे. जगभर मुलं तक्रार करत होती, गेम बंद पडतो आणि पडद्यावर येतं ‘व्हिडिओ मेमरी संपली’. लोकांनी गेमला शिव्या दिल्या, ग्राफिक कार्डं बदलली. २०२४च्या जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती आली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र ज्यांचं नुकसान आधीच झालं होतं, ते या दुरुस्तीने बरे झाले नाहीत. ते बदलूनच घ्यावे लागले. तुमच्याकडे त्या पिढीतला कोअर आय सेव्हन किंवा आय नाइन असेल, तर बायोस अद्ययावत आहे का हे आजच बघा. बायोस भरताना लाईट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम भक्कम यूपीएसवर आणि भल्या सकाळी करा.

जुन्या बाजारातून ग्राफिक कार्ड घेणाऱ्यांनीही थोडं थांबावं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या चलनाची खोदाई ग्राफिक कार्डांवर करायची गरज संपली आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं विक्रीला आली. त्यातली पुष्कळ चांगली निघतात. पण घेण्याआधी विकणाऱ्यासमोर अर्धा तास मोठा गेम चालवून बघा. नुसता डेस्कटॉप दिसला म्हणून पैसे मोजू नका.

आणि बिलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं असो की पेणच्या दुकानातून, बिल आणि खोकं दोन्ही ठेवा. चांगल्या एसएमपीएसला पाच-सात वर्षांची वॉरंटी असते, रॅमला पुष्कळदा दहा वर्षांची किंवा आयुष्यभराची. बिलाची शाई आपल्या दमट हवेत वर्षभरात उडते, तेव्हा घेतल्या दिवशीच त्याचा मोबाइलवर फोटो काढून वडिलांच्या नंबरवर पाठवून ठेवा.