चार दिवसांचा काका

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बँकेत काउंटरवर बसणारा माणूस आहे. सचिवांनी मला ‘परदेशातील सेवाकार्याचा अनुभव’ असा विषय दिला आहे. वस्तुतः परदेश म्हणजे नेपाळ आणि सेवाकार्य म्हणजे चार दिवस. त्या चार दिवसांची हकीगत मी आपल्यापैकी अनेकांना मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. आज तिच्यात दुरुस्ती करायची आहे.

2018 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातजण लुंबिनीला गेलो. बाबासाहेब नोव्हेंबर 1956 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, म्हणून ते शहरही पाहावे असे ठरले. स्वयंभू आणि बौद्धनाथ पाहून झाले, तरी दिवस शिल्लक होते. हॉटेलच्या व्यवस्थापकाने सांगितले, जवळच एक बालगृह आहे, पाहुणे तेथे जाऊन मुलांना शिकवतात. आम्हाला आनंद झाला. फिरण्याबरोबर काही चांगले काम घडेल!

तेथे तीसेक मुले होती. मी बी. ए. झालेला, म्हणून इंग्रजी माझ्याकडे आले. मी फळ्यावर एबीसीडी लिहायला सुरुवात केली, तर मुले माझ्यापुढे धावत झेडपर्यंत पोहोचली. ‘माय नेम इज’ सर्वांना पाठ. त्यापुढचे मात्र कोणालाच येईना. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की येणारा प्रत्येक पाहुणा ए पासूनच सुरुवात करतो आणि तीन-चार दिवसांत निघून जातो. दुपारी चार वाजता मुले नवीन पाहुण्यांसमोर नाच करीत. रोज तेच गाणे, तोच नाच.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पहिल्याच तासाला माझा हात धरून बसली. तिला हिंदी येत होते. तिसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, ‘माझी आई हुमल्यात आहे.’ हुमला म्हणजे नेपाळच्या वायव्य टोकाचा डोंगराळ जिल्हा. भिंतीवरच्या यादीत तर तिच्या नावापुढे ‘अनाथ’ असे लिहिले होते. मी तेथील प्रमुखांना विचारले. ते म्हणाले, ‘लहान आहे, मनाने काहीही रचते.’ मला ते पटले. खरे सांगायचे तर पटवून घेणे सोयीचे होते.

निघताना ती रडेल असे मला वाटत होते. मी तिला शोधले, तेव्हा ती फाटकाजवळ नुकत्याच उतरलेल्या एका गोऱ्या बाईंचा हात धरून उभी होती.

गावी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. नेपाळमध्ये 1996 ते 2006 यादवी युद्ध चालू होते. त्या काळात हुमल्यासारख्या जिल्ह्यांतील आईबापांना दलाल भेटत. ‘मूल शहरात सुरक्षित राहील, शिकेल’ असे सांगून पैसे घेत आणि मूल नेत. पुढे आईबाप मेल्याचे खोटे कागद तयार होत. युद्ध संपले तरी हा धंदा संपला नाही. त्या वर्षांत सुमारे 16 हजार मुले नेपाळच्या बालगृहांत होती. त्यांतील दहांपैकी आठांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. आणि बहुसंख्य बालगृहे कोठे? काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन, म्हणजे जेथे पर्यटक जातात तेथे. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवावी लागली.

आम्ही भेट दिली ते बालगृह असेच होते असा माझा आरोप नाही. पण बचत खाते उघडायला आलेल्या माणसाकडे मी आधार मागतो, पॅन मागतो, फोटो मागतो, सही दोनदा पडताळतो. तेथे मला कोणी नावसुद्धा नीट विचारले नाही आणि मुलांच्या खोलीत बसवले. आम्ही सातजणांनी मिळून आठ हजार रुपये दिले. पावती साध्या कागदावर होती. नोकरीत इतकी वर्षे काढलेला मी, पण ती न वाचता खिशात घातली. ‘सेवा’ म्हटले की आपण हिशेब विचारायला लाजतो, विचारला तर आपलेच मन लहान ठरेल असे वाटते.

कंबोडियात 2011 साली फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने एक भित्तिपत्रक काढले होते. त्यात संग्रहालयातील काचेच्या पेटीत मुले बसली आहेत आणि पर्यटक त्यांचे फोटो काढत आहेत. ते पाहिले आणि माझ्या कपाटातला फोटो आठवला. मी मध्यभागी आणि ती मुलगी माझ्या मांडीवर.

आता थोडे घरचे. दर 14 एप्रिलला आपण बालगृहात फळवाटप करतो. हेतू चांगला आहे. पण त्याचे फोटो स्मरणिकेत छापले जातात. अशा मुलांचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय अधिनियमातील कलम 74 ने मनाई केली आहे. तेव्हा संपादक मंडळाला हात जोडून विनंती, या अंकात तो फोटो नको. देणगीदार नाराज झाले तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

दुसरे असे की, मूल घरीच राहावे यासाठी आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तीत दरमहा 2250 रुपये मिळतात. बाप वारलेल्या, आई धुणीभांडी करून पोट भरते अशा घरातील मुलांनाही ती लागू आहे. आपल्याच वस्तीतील कितीतरी बायांना हे माहीत नाही आणि माहीत असले तरी अर्ज भरता येत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. त्या दिवशी सकाळी दहा ते एक मी विहारात अर्ज भरून द्यायला बसणार आहे. कॉलेजच्या मुला-मुलींपैकी दोघे-तिघे मदतीला आले तर बरे. येणाऱ्यांनी आधार, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि असल्यास पालकाच्या मृत्यूचा दाखला बरोबर आणावा. झेरॉक्सचे पैसे संस्था देईल, असे आत्ताच अध्यक्षांनी मला खुणेने सांगितले आहे.

जय भीम.